रुई लैतांव एका रात्रीत पळाला, पण आरमार थांबलं नाही

आपल्या बारामती-इंदापूरकरांचा समुद्र म्हणजे उजनीचं पाणी. तरीही आरमाराच्या गोष्टीचा एक धागा आपल्याकडून जातो. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, चाकणसोबत सुपे आणि इंदापूर हेही परगणे होते. शिवराय वाढले ते अशा कोरड्या मुलखात. इथं नांगर म्हटलं की शेतातलाच.

1657 च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी ताब्यात आली आणि खाडी दारात आली. समोर दंडा-राजपुरीचा सिद्दी, शेजारी वसई आणि चौलला पोर्तुगीज. जहाजं तर हवीत, पण लढाऊ जहाज बांधणं म्हणजे काय विहिरीवर मोट बसवणं नव्हे. मग रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगिजाला कामावर घेतलं. सोबत त्याचा मुलगा फेर्नांव आणि तीनशेहून जास्त माणसं. राज्याभिषेकाला अजून 15 वर्षं होती, त्यामुळं रुईला नोकरी दिली ती छत्रपतींनी नव्हे, एका जहागीरदाराच्या तरुण मुलानं.

1659 साली जहाजं आकार घेऊ लागली. ही सिद्दीविरुद्ध आहेत, असं पोर्तुगिजांना सांगितलेलं. पण वसईचा कप्तान काही खुळा नव्हता. आज सिद्दीवर, उद्या आपल्यावर, हे त्यानं ओळखलं. रुईकडं निरोप गेला आणि सगळे रातोरात पोर्तुगीज हद्दीत पळाले. काम अर्धवट टाकून!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रुईचा रागच आला. नंतर वाटलं, एकीकडं स्वतःचा राजा, दुसरीकडं पगार देणारा मालक. तो तरी काय करणार?

आता आपल्याकडं दोन प्रकारच्या पोस्ट फिरतात. एकात आरमार परक्यांनीच उभं केलं, दुसऱ्यात परक्याचा हातच लागला नाही. दोन्ही खोट्या. रुईचं नाव पुसल्यानं महाराज मोठे होत नाहीत, ते आधीच आहेत. येत नव्हतं ते जाणकाराकडून करून घेतलं, यात कसला आलाय कमीपणा? आणि रुईलाच सगळं श्रेय देणाऱ्यांनी पुढची सालं बघावीत.

1664 च्या नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. 1665 च्या फेब्रुवारीत शिवराय स्वतः जहाजात बसून बसरूरच्या स्वारीवर निघाले. ताफ्यात 85 गलबतं आणि 3 मोठी जहाजं. रुईला पळून तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती.