पाचवीच्या पाटावर

आजीच्या पहिल्या बाळाचं बारसं झालंच नाही. साठेक वर्षांपूर्वी पेठ तालुक्यात घरीच ते जन्मलं. पाचवी पुजून झाली आणि सातव्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. ‘सटवाईनं नेलं,’ असं सगळे म्हणाले. पूजेत काहीतरी चुकलं असणार, असंही म्हणाले. ती चूक आजीच्याच पदरात पडली.

सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते ती पाचव्या-सहाव्या रात्री. नवजात बाळाचा धनुर्वातही बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यानच दिसतो. देवीची रात्र आणि रोगाचे दिवस असे जुळले होते. रोगाचे बीजाणू मात्र माती-शेणात होते. विळ्यानं कापलेल्या, वर राख लावलेल्या नाळेतून ते शरीरात शिरत.

इतक्या लहान बाळाला लस टोचून उपयोग नव्हता. त्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ती आईकडूनच यायला हवीत. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिलं, की धनुर्वाताचं विष निष्प्रभ करणारा घटक रक्तद्रवात असतो. दोनच वर्षांनी पाउल एर्लिखनं उंदरांवर सिद्ध केलं, की आईची प्रतिकारशक्ती पिल्लांना मिळते. माणसात ही प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. १९६१ साली न्यू गिनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला : गरोदर बायकांना लस दिली, तर बाळं धनुर्वातापासून वाचतात.

तरीही १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं या रोगानं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात १९७८ साली विस्तारित आणि १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. गरोदरपणातलं ‘टीटीचं इंजेक्शन’ गावोगाव पोहोचलं, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, नाळ स्वच्छ पात्यानं कापली जाऊ लागली. २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. बीजाणू आजही मातीत आहेतच, म्हणून प्रत्येक गरोदरपणात लस घ्यावीच लागते.

गेल्या वर्षी नाशिकमध्ये माझ्या बहिणीला टीडी दिलं. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. आईकडून आलेलं हे संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, म्हणून दीड महिन्यापासून बाळाला स्वतःला या रोगांच्या लसी सुरू होतात.

पाचवीला आजीनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तुझ्या पूजेत काही चुकलं नव्हतं, असंही सांगितलं. ती बराच वेळ बाळाकडे बघत राहिली.

“मग इतकी वर्षं मला का बोलले?” तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.