धावेची कुळकथा

मोटारीचे चाक ज्या बेअरिंगच्या आधारे फिरते, ते बेअरिंग आपल्या जागी, म्हणजे कारागीर ज्याला 'नकल' म्हणतात त्या ओतीव भागाच्या गोल भोकात, मुख्यतः घट्टपणाच्या बळावरच टिकून असते. सर्क्लिपची कडी असते ती केवळ राखणीला. हा घट्टपणा साधावा म्हणून ते भोक बेअरिंगच्या बाह्य व्यासापेक्षा जाणूनबुजून किंचित लहान, सुमारे एका केसाच्या जाडीइतके लहान, कोरलेले असते. लहान भोकात मोठी वस्तू बसवावी कशी, हा प्रश्न मोटारीने प्रथम उपस्थित केला असे मात्र नव्हे. त्याचे उत्तर लोहाराने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शोधले आणि ते उत्तर चाकाच्याच संदर्भात शोधले, ही गोष्ट मला या विद्येच्या कुळाची मोठी प्रतिष्ठा वाटते.

वैदिक वाङ्मयात रथचक्राच्या धावेला, म्हणजे परिघावरच्या कड्याला, 'पवि' म्हटले आहे. परंतु धाव असणे आणि ती तापवून चढवलेली असणे या दोन भिन्न गोष्टी होत. युरोपातील केल्ट लोकांच्या प्राचीन दफनांत जी रथचक्रे सापडली, त्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. आरंभीच्या धावा मोठ्या डोक्याच्या खिळ्यांनी लाकडाला ठोकलेल्या आहेत, आणि इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या काही शतकांत खिळे नाहीसे होऊन त्यांच्या जागी एकसंध लोखंडी कडे आले आहे. खिळा लाकडाला भोक पाडतो, दुबळे करतो. तापवून घातलेले कडे निवताना आकसते आणि लाकडाचे सर्व सांधे आत दाबून धरते. ज्या अज्ञात लोहाराने खिळे टाकून देण्याचे धाडस केले, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही.

आपल्या मुलुखात ही विद्या बैलगाडीच्या रूपाने गावोगाव नांदत होती. सुताराने तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून चाक सिद्ध केले, की लोहार त्याच्या परिघाचे माप घेई, लोखंडी पट्टी वाकवून तिची टोके भट्टीत जोडी, आणि ते कडे चाकापेक्षा अंमळ लहान राखी. मग जमिनीवर गोवऱ्यांचा वर्तुळाकार जाळ रचून त्यात ते कडे लाल होईपर्यंत तापवीत. चारपाच गडी सांडशींनी ते उचलून चाकावर उतरवीत. लाकूड धुमसू लागताच घागरींनी पाणी ओतीत, आणि वाफेच्या लोटात आरे तुंब्यात करकरत रुतून बसत. या साऱ्या विधीतील खरे मर्म 'अंमळ' या मापात होते. कडे फारच लहान झाले तर आरे वाकून चाक बिघडे. पुरेसे लहान नसले तर वैशाखात लाकूड वाळताच धाव ढिली होई, आणि गाडीवानाला चाक ओढ्यात भिजत घालावे लागे. हे माप लोहाराच्या हातात होते. गणित त्यामागून आले. अठराव्या शतकात हॉलंडातील पदार्थविज्ञानवेत्ता विलेम ग्राव्हेसांडे याने गोळा आणि कडे यांचा जो प्रयोग सिद्ध केला, तो आजही आपल्या शाळांतून दाखवतात. परंतु तापल्यावर कड्याचे भोकही त्याच प्रमाणात मोठे होते, लहान होत नाही, हे शाळेत न गेलेला लोहार नित्य प्रत्यक्षात आणीत होता.

चाकापासून ही विद्या निघाली ती तोफखान्यातही गेली. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात इंग्लंडात विल्यम आर्मस्ट्राँग याने 1855 मध्ये जी तोफ सिद्ध केली, तिच्या नळीवर घडीव लोखंडाची कडी तापवून चढवलेली होती. निवलेले कडे आतल्या नळीला सर्व बाजूंनी दाबून धरते, आणि बारूद पेटल्यावर तिच्या स्फोटाला आधी हा दाब फेडावा लागतो. त्यामुळे त्याच वजनाची तोफ अधिक जरब सोसते. आगगाडीच्या चाकानेही हीच रीत उचलली. पोलादी धाव चाकाच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांश भागाने लहान कोरून ती तापवून चढवावयाची, असा रेल्वे कारखान्यांचा परिपाठ पडला. जर्मनीत आल्फ्रेड क्रुप याने 1850 नंतरच्या काही वर्षांत बिनसांध्याची रेल्वेधाव तयार केली. तोफांसाठी जगभर ख्यात झालेल्या या घराण्याच्या कारखान्याची तीन गुंतलेल्या वर्तुळांची मुद्रा तोफेची नसून या धावांची आहे.

बेअरिंगची कुळी याहून निराळी आहे. वेल्समधील कारमार्दन येथील फिलिप व्हॉन याने 1794 मध्ये गाडीच्या कण्यासाठी गोळ्यांच्या बेअरिंगची सनद मिळवली. परंतु हुबेहूब सारख्या गोलाईच्या पोलादी गोळ्या मुबलक निघू लागल्या त्या जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिख फिशर याने 1883 मध्ये त्या घासण्याचे यंत्र रचल्यावर. 1907 मध्ये स्वेन विंगक्विस्ट याने स्वीडनमध्ये स्थापलेल्या एसकेएफ कंपनीचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडलाही उभा राहिला. या नव्या वस्तूचा स्वभाव मात्र धावेहून नाजूक. तिच्या कड्या कडक पाणी दिलेल्या पोलादाच्या असतात. हातोड्याचा घाव गोळ्यांमार्फत पोहोचला तर धावपट्टीवर सूक्ष्म खळगे पडतात, आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत घरघरू लागते. 120 अंश सेल्सिअसच्या फार वर तापवले तर पोलादाची मापे बदलतात. ग्रीस आणि रबरी सील तर त्याआधीच खराब होऊ शकतात. जिला घाव सोसत नाही आणि जाळही सोसत नाही, अशा वस्तूसाठी अग्नीच्या जोडीला शीताची योजना करावी लागली. 1883 मध्ये क्राकोव्ह येथे व्रोब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी नायट्रोजन द्रवरूप केला, तो आज उणे 196 अंशांवर कारखान्यांत याच कामी येतो. घरी शीतकपाटातील बर्फाचा कप्पा उणे 18 अंशांचा असला तरी पुरतो.

पुरतो कसा, ते आकड्यांनीच पाहावे. 72 मिलिमीटर बाह्य व्यासाचे बेअरिंग 30 अंशांवरून उणे 18 वर नेले, तर ते सुमारे 0.04 मिलिमीटर आकसते. पोलादी नकल 110 अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे भोक सुमारे 0.066 मिलिमीटर रुंदावते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे असल्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोहोंची बेरीज एक दशांश मिलिमीटरच्या घरात जाते, आणि घट्टपणा बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून हाताचे काम चपळ असेल तर बेअरिंग हाताच्या दाबाने आत उतरते, अथवा जुनी बाहेरची कडी मध्ये ठेवून प्रेसचा अल्पसा दाब पुरतो. दोन्ही भागांचे तापमान काही क्षणांतच एक होते आणि बेअरिंग जागच्या जागी आवळले जाते, सबब वाट साफ, दिशा सरळ आणि हातमोजे हातात असल्यावाचून ते बर्फाच्या कप्प्यातून बाहेर काढू नये. नकलवर ग्रीस किंवा पेट्रोलचा अंश राहू देऊ नये, आणि तापवण्यासाठी स्वयंपाकाची भट्टी वापरू नये. बेअरिंग बंद पिशवीत घालून गार करावे. नाहीतर त्यावर दव धरून गंज येतो. दाब नेहमी जी कडी बसवावयाची तिच्यावरच द्यावा: नकलमध्ये बसवताना बाहेरच्या कडीवर, आणि चाक ज्यावर कसतात तो 'हब' बेअरिंगमध्ये घालताना आतल्या कडीवर. हब घालण्यापूर्वी बेअरिंग तापवण्यापेक्षा हबच थंड करून घेणे शहाणपणाचे. जुनी आतली कडी हबवर अडकून राहिली, तर ती टाकाऊच असल्यामुळे तिला मात्र खुशाल ज्योत दाखवावी.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हब आणि बेअरिंग एकसंध येतात आणि ते नकलला बोल्टांनी कसतात. तेथे या विद्येचे कामच नाही. आपल्या गाडीची रचना कोणती, ते तिच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेले असते. ते पाहिल्यावाचून बेअरिंग विकतही घेऊ नये आणि ज्योतही पेटवू नये.