"मंग लोकं कुठी हायत?" : करोनानंतर फिल्म फेस्टिवल थिएटरात परतले, त्याची गोष्ट

ऐकून झालं असेल तर वाचायला, आणि ऐकायचं राहून गेलं असेल तर दोन्हीसाठी, आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जीभ घसरली तिथे थोडं नीट केलंय. बाकी जसं बोललो तसंच.

तर गोष्ट सुरू होते आमच्या ढाणकीत. यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे गेलं की नांदेड जिल्हा, म्हणजे विदर्भ संपला आणि मराठवाडा लागला. जानेवारी २०२१. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, आणि घरात रेंज येत नाही म्हणून माझं ऑफिस होतं गच्चीवर. त्याच गच्चीवर एका रात्री अंगावर चादर घेऊन, मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून मी गोव्याच्या इफ्फीचा एक परदेशी सिनेमा बघत होतो. ऑनलाइन. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ज्या फेस्टिवलबद्दल नुसतं ऐकलं होतं, तो आता माझ्या गच्चीवर आला होता.

आई वर आली. म्हणाली, "इतक्या रातच्याला त्या डब्यात काय पायतं रे?"

म्हटलं, "आई, गोव्याचा फेस्टिवल आहे. जगभरातले सिनेमे दाखवतात."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "मंग लोकं कुठी हायत?"

आजचा अख्खा भाग या एका प्रश्नावर आहे. कारण पुढच्या दोन वर्षांत हे सगळे फेस्टिवल थिएटरात परत गेले, आणि माझी गच्ची पुन्हा रिकामी झाली. हे बरं झालं की वाईट? ते ठरवायच्या आधी थोडं मागे जाऊ.

बरंच मागे. ७ जुलै १८९६. मुंबईतलं वॉटसन हॉटेल. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे सहा छोटी चलच्चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. भारतात सिनेमा आला तो असा. आता पुढचं बघा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच मुंबईत, मांडवी भागात, प्लेगचा रोग सापडला. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आणि साथ दोघं एकाच शहरात, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने उतरले. त्या प्लेगमुळे इंग्रज सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. आणि १३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने मुंबई, पुणे, नागपूरची थिएटरं बंद केली, ती कुठल्या कायद्याने? त्याच, १८९७ च्या. जुना कोड कुणी डिलीट करत नाही, कधीतरी रन होतोच, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं माहीत असतं!

आता फेस्टिवलकडे येऊ. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला २४ जानेवारी १९५२ ला, मुंबईत. फिल्म्स डिव्हिजनने आयोजन केलं. २३ देश आले, ४० च्या आसपास मोठे सिनेमे आणि शंभरेक लघुपट. हॉलिवूडचा फ्रँक काप्रा स्वतः हजर होता. भारताकडून 'आवारा' होता, तेलुगू 'पाताळ भैरवी' होता, बंगाली 'बाबला' होता आणि आपल्या मराठीतला व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' होता.

पण माझ्या मते खरी बातमी वेगळी आहे. तो महोत्सव मुंबईत संपला नाही. तिथून तो मद्रासला गेला, दिल्लीला गेला, कलकत्त्याला गेला. लोकांनी महोत्सवाकडे जायचं, आणि महोत्सवानेही लोकांकडे जायचं, असा दुहेरी कारभार. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि त्याचा परिणाम काय झाला? तिथे 'बायसिकल थीव्ज' नावाचा इटालियन सिनेमा दाखवला. सायकल चोरीला गेलेल्या एका गरीब बापाची गोष्ट. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, 'दो बिघा जमीन' आला. दोन बिघे जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शेतकरी. आमच्या भागात ज्यांच्या घरात कर्जाचे कागद आहेत, त्यांना तो सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. त्याची पटकथा आणि संकलन हृषीकेश मुखर्जींचं. आणि १९९७ मध्ये मुंबईच्या मामी फेस्टिवलची संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी कोण होतं? हेच हृषीदा. एका फेस्टिवलमधून निघालेला माणूस पंचेचाळीस वर्षांनी दुसरा फेस्टिवल उभा करतो. हे सगळं एका अंधाऱ्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसण्यातून झालं, राजेहो.

पुढे हा सरकारी महोत्सव बरीच वर्षं फिरता राहिला. एक वर्ष दिल्ली, एक वर्ष 'फिल्मोत्सव' नावाने दुसरं शहर. मुंबई, मद्रास, बंगळूर, कलकत्ता, हैदराबाद. २००४ मध्ये तो गोव्यात गेला आणि तिथेच राहिला. इकडे पुण्यात २००२ पासून डॉ. जब्बार पटेल यांच्या नेतृत्वाखाली पिफ सुरू झाला होता. औरंगाबादेत अजिंठा-वेरूळचा महोत्सव सुरू झाला. म्हणजे २०२० उजाडलं तेव्हा मराठी माणसाच्या आवाक्यात चार-पाच आंतरराष्ट्रीय फेस्टिवल होते. आवाक्यात म्हणजे, ज्याला आठ दिवस सुट्टी आणि लॉजचं भाडं परवडतं त्याच्या.

मग मार्च २०२० आला.

कानचा फेस्टिवल त्या वर्षी झालाच नाही. व्हेनिसने सप्टेंबरमध्ये मास्क लावून, अंतर ठेवून प्रत्यक्ष भरवून दाखवला. आपला ५१ वा इफ्फी नोव्हेंबर २०२० चा होता, तो ढकलला जानेवारी २०२१ वर. १६ ते २४ तारीख, थोडा गोव्यात आणि थोडा ऑनलाइन. हायब्रिड हा शब्द आम्ही बियाण्यांसाठी वापरायचो, तो आता फेस्टिवललाही लागला. त्यातल्याच एका रात्री मी गच्चीवर होतो.

इथे जरा टेक्निकल बोलतो, दोन मिनिटं सहन करा. थिएटरात सिनेमा येतो तो एका मोठ्या फाइलच्या पॅकेजमधून, त्याला डीसीपी म्हणतात. शेकडो जीबी असू शकतं. ते कुलूपबंद असतं. त्याची डिजिटल किल्ली वेगळी येते. ती किल्ली एका ठरावीक मशिनवर, ठरावीक तारखेला, ठरावीक वेळेतच चालते. त्यामुळे निर्माता निवांत झोपतो. ऑनलाइनमध्ये तेच कुलूप लाखो मोबाइलवर सांभाळावं लागतं. मग देशाबाहेर दिसू नये म्हणून कुंपण घाला, किती जण बघणार त्यावर मर्यादा घाला, किती तासांत बघून संपवायचं ते ठरवा. इतकं करूनही कुणीतरी स्क्रीनसमोर दुसरा मोबाइल धरला की झालं. ज्या सिनेमाला अजून विकत घेणारा मिळालेला नाही, त्याचा निर्माता ही जोखीम का घेईल? म्हणून थिएटरात होतं ते सगळं ऑनलाइन कधी आलंच नाही. माझ्यासारख्याला वाटत होतं दार पूर्ण उघडलंय. उघडली होती फक्त खिडकी.

आता परतीचा रस्ता बघू. तो सरळ नव्हता. महाराष्ट्रात थिएटरं ५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर उघडली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. त्या लाटेत काय झालं ते मी इथे सांगत नाही, ज्याच्या त्याच्या घराला माहीत आहे. २२ ऑक्टोबर २०२१ ला परत निम्म्या खुर्च्या. पिफचा १९ वा महोत्सव मार्च २०२१ चा, तो पुढे जात जात २ ते ९ डिसेंबर २०२१ ला झाला. आणि विसावा लगेच ३ मार्च २०२२ ला. तीन महिन्यांत दोन! पुणेकरांनी बॅकलॉग क्लिअर केला म्हणा ना. मुंबईचा माहितीपटांचा मिफ मे-जून २०२२ मध्ये झाला. मामी मात्र थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये परतला.

इफ्फीचं बघा. ५२ वा नोव्हेंबर २०२१ मध्ये, पुन्हा हायब्रिड. आपल्यासाठी तो खास ठरला. निखिल महाजन यांच्या 'गोदावरी'साठी जितेंद्र जोशी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला, आणि महाजनांना ज्युरीचा विशेष पुरस्कार. नाशिकच्या नदीकाठचा, घरातल्या मरणाशी जुळवून घेणारा सिनेमा, आणि तो नेमका त्या वर्षी. पण साध्या प्रेक्षकाला तो थिएटरात बघायला मिळाला नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच महिन्यात, २० ते २८ ला, ५३ वा इफ्फी गोव्यात पुन्हा पूर्वीसारखा गजबजला. रांगा, गळ्यात कार्डं, "आत जागा आहे का हो?" सगळं परत.

आणि माझी गच्ची?

खरं सांगतो, मला राग आला होता. लोक परतले म्हणून आनंदाच्या पोस्टी पडत होत्या. आणि मी विचार करत होतो, "अरे, आम्ही कुठे परतणार? आम्ही तिथे कधी होतोच कुठे?" साथीने दोन वर्षं शहरवाल्यांना घरात बसवलं, तेव्हा कुठे त्यांना दूरवरच्या प्रेक्षकाची सोय सुचली. शहराचं काम झालं, सोय काढून घेतली. ही तक्रार मी आजही मागे घेत नाही.

पण जानेवारी २०२३ मध्ये एक गोष्ट झाली. ११ ते १५ तारखेला अजिंठा-वेरूळचा महोत्सव होता. आधीचा झाला होता २०२० मध्ये, साथीच्या अगदी तोंडावर. मी नांदेडमार्गे दोन एसट्या बदलून औरंगाबादला पोचलो. एक संथ सिनेमा होता, त्यात कितीतरी वेळ काही घडतच नाही. गच्चीवर असतो तर दहाव्या मिनिटाला मोबाइल हातात घेतला असता. इथे घेता येईना, कारण शेजारी साठी ओलांडलेले एक काका पुढे वाकून बघत होते. मला वाटलं यांना काहीतरी दिसतंय, आपल्याला का दिसत नाही? म्हणून मीही बघत राहिलो. आणि शेवटच्या वीस मिनिटांत दिसलं. बाहेर चहाच्या रांगेत आम्ही दोघं शेवटावरून भांडलो. नाव विचारायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रांगेत मिळालं. लोकं तिथे होती.

म्हणजे मग गच्चीची तक्रार खोटी का? नाही. प्रश्न ऑनलाइन की ऑफलाइन हा नाहीच. प्रश्न आहे, प्रवास कुणी करायचा. १९५२ मध्ये महोत्सवाने केला. आणि साथीच्या काळातही एकाने केला. केरळचा २५ वा महोत्सव, फेब्रुवारी-मार्च २०२१. एरवी तिरुवनंतपुरमला भरणारा. गर्दी एका ठिकाणी नको म्हणून त्यांनी तो चार ठिकाणी नेला. तिरुवनंतपुरम, कोची, तलश्शेरी, पालक्काड. गर्दी टाळायला सिनेमा मोबाइलवर ढकलता येतो, तसा पुढच्या गावालाही नेता येतो. केरळने दुसरं केलं.

आणि आपल्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. तंबू, ट्रक, प्रोजेक्टर घेऊन जत्रेमागून जत्रा फिरणाऱ्या टुरिंग टॉकीज महाराष्ट्राने कितीतरी दशकं चालवल्या. त्यांच्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कानला गेला, तिथे त्याला विशेष उल्लेखही मिळाला. आमच्या जत्रेतला तंबू कानपर्यंत पोचतो. मग कानचा सिनेमा तंबूपर्यंत का येऊ नये? ते कुलूपबंद पॅकेज आणि ती वेळेची किल्ली आठवते ना? ती एका मशिनसाठी असते. ते मशिन उमरखेडला असलं तरी किल्लीला काही फरक पडत नाही. तांत्रिक अडचण नाही, हे मी पोटापाण्याच्या अनुभवावरून सांगतो. अडचण यादीची आहे. त्या यादीत आपल्या गावाचं नाव कुणी लिहीत नाही.

परवा आईला हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी वाचून दाखवला. ती म्हणाली, "आपल्या इथं लावला त मी येईन. पण खाली बसायले सतरंजी पायजे."

तर एक सतरंजी पक्की झाली. तुमच्या गावात तंबूतला सिनेमा पाहिलेलं कुणी असेल, आजी, आजोबा, मामा, तर त्यांच्याशी बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तिकीट किती होतं, कुठला सिनेमा, शेजारी कोण बसलं होतं. शेजारी कोण बसलं होतं हे नक्की विचारा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, रेंजमध्ये राहा!