परदेशातल्या गिऱ्हाइकाला भाव कोणत्या चलनात सांगायचा? ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांसाठी माहिती

रमजान जवळ आला की कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांत दुबई, मस्कत, रियाधहून मेसेज यायला लागतात. "खाला, ती हिमरू शाल पाठवाल का? दिरहममध्ये किती होतील?" खाला मोबाइलवर दर बघते, भागाकार करते आणि आकडा कळवून टाकते. पार्सल जातं, पैसेही येतात. नंतर हिशेबाला बसल्यावर कळतं की कुरिअर आणि पेमेंटचं कमिशन घरातूनच गेलं.

आता हाच धंदा बरेच जण स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून करतात. दुकानात एकापेक्षा जास्त चलनांत भाव दाखवण्याची सोय असते आणि ती चालू करायला फार वेळही लागत नाही. पण बटण दाबून रुपयांचे दिरहम केले, म्हणजे भाव ठरला असं होत नाही. भाव आधी आपण वहीत ठरवायचा आणि मग दुकानात भरायचा. तो कसा, हे आम्ही इथे आखाती देशांचं उदाहरण घेऊन सांगत आहोत, कारण आपल्या घरांचा संबंध सगळ्यात जास्त तिकडेच आहे.

एके काळी दोन्हीकडे रुपयाच

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता. आखातातल्या बऱ्याच भागांत तेव्हा भारताचा रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्या वापरासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि बाकीचेही रुपयापासून दूर गेले. अमिरातीचा दिरहम १९७३ चा. म्हणजे एका चलनाच्या जागी अनेक चलनं आली.

सहा चलनं, पण नजर एकाच दरावर

सहा देश म्हणजे रोज सहा दर बघायचे, असं वाटून अनेक जण आधीच घाबरतात. प्रत्यक्षात काम सोपं आहे. सहापैकी पाच चलनं अमेरिकी डॉलरला बांधलेली आहेत:

- अमिराती दिरहम: एका डॉलरला ३.६७२५, १९९७ पासून
- सौदी रियाल: एका डॉलरला ३.७५, १९८६ पासून
- कतारी रियाल: एका डॉलरला ३.६४
- बहरिनी दिनार: एका डॉलरला ०.३७६
- ओमानी रियाल: एक रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर

कुवेती दिनार मात्र २००७ पासून अनेक चलनांच्या टोपलीला जोडलेला आहे, त्यामुळे त्याचा दर वेगळा बघावा लागतो. बाकी पाचांसाठी डॉलर आणि रुपयाचा दर कळला की पुरे. डॉलर वर गेला की हे पाचही त्याच प्रमाणात वर जातात.

सोप्या हिशेबासाठी समजा, डॉलर ९० रुपयांना आहे. मग सौदी रियाल २४ रुपये, दिरहम साधारण २४.५० रुपये, कतारी रियाल २४.७२ रुपये, ओमानी रियाल २३४ रुपये आणि बहरिनी दिनार २३९ रुपये. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचा दर अर्थातच वेगळा असेल.

इथे एक सावधगिरी हवी. सौदी आणि ओमान दोन्हीकडे 'रियाल' म्हणतात, पण ओमानचा रियाल सौदीच्या जवळजवळ दहापट आहे. नुसतं 'रियाल' लिहू नका. देशाचं नाव किंवा तीन अक्षरी कोड लिहा: सौदीसाठी एसएआर, ओमानसाठी ओएमआर, अमिरातीसाठी एईडी. सौदी आणि अमिरातीने २०२५ मध्ये आपापल्या चलनाची नवी चिन्हं जाहीर केली आहेत. पण जुन्या फोनवर ती चिन्हं नीट दिसतीलच असं नाही, त्यामुळे सध्या अक्षरंच बरी.

भाव कसा काढायचा

एक हिमरू शाल घेऊ. इथल्या गिऱ्हाइकाला ती २,५०० रुपयांना विकतो, असं समजा. ९० च्या दराने थेट दिरहम केले तर १०२ होतात. वरच्या खालाने नेमकं हेच केलं होतं. आता खरा हिशेब पाहा:

- शालीचा भाव: २,५०० रुपये
- पॅकिंग आणि दुबईपर्यंत पाठवणावळ, समजा: १,००० रुपये
- एकूण हातात यायला हवेत: ३,५०० रुपये

यात दोन गोष्टी अजून आल्या नाहीत. पहिली, पेमेंट गेटवेचं कमिशन. परदेशी कार्डावर ते देशी कार्डापेक्षा जास्त असतं. ते करासकट ४ टक्के धरू. दुसरी, दरातली चढउतार. आज भाव लिहिला आणि महिन्याने रुपया वधारला तर तेवढ्याच दिरहमचे कमी रुपये येतील. त्यासाठी ३ टक्के राखून ठेवू. दोन्ही मिळून ७ टक्के. म्हणून ३,५०० ला ०.९३ ने भागायचं. उत्तर येतं ३,७६३ रुपये.

आता हे वेगवेगळ्या चलनांत मांडून वरच्या बाजूला पूर्णांक करू:

- अमिराती: १५४ दिरहम
- सौदी: १५७ रियाल
- कतार: १५३ रियाल
- ओमान: १६.१०० रियाल
- बहरीन: १५.७५० दिनार

प्रत्येक देशाची पाठवणावळ सारखी नसते, तेव्हा ती रक्कम देशागणिक बदलून घ्या.

राखलेले ३ टक्के खरंच पुरतात का? डॉलर ९० वरून ८७ वर आला असं समजा. १५४ दिरहमचे ३,६४८ रुपये होतील, ४ टक्के कमिशन गेलं की ३,५०२ उरतील. म्हणजे निभावलं. डॉलर ८५ वर आला तर मात्र हातात सुमारे ३,४२२ च येतील आणि प्रत्येक शालीमागे ७८ रुपये कमी पडतील. म्हणून नियम सोपा ठेवा: डॉलरचा दर ३ टक्क्यांनी हलला की भाव नव्याने काढायचा. रोज बदलायचा नाही. सकाळी १५४ आणि संध्याकाळी १५६ दिसलं तर गिऱ्हाइकाचा भरवसा उडतो.

दुकानात हे कसं भरायचं

वूकॉमर्सवर दुकान असेल तर मूळ सॉफ्टवेअर एकच चलन सांभाळतं. सेटिंग्जमधल्या जनरल भागात ते चलन, चिन्हाची जागा आणि दशांशाचे आकडे ठरवता येतात. जास्त चलनांसाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं. प्लगइन निवडताना तीन गोष्टी विचारा. एकेका वस्तूला प्रत्येक चलनात हाताने भाव लिहिता येतो का? दर चलनाला दशांशाचे आकडे वेगळे ठेवता येतात का? आणि पैसे भरायच्या पानावरही तेच चलन राहतं का?

शॉपिफायवर 'मार्केट्स' या विभागात देशागणिक भाव ठेवण्याची सोय आहे. मात्र गिऱ्हाइकाच्या चलनात पैसे घेता येतील की नाही, हे तुमच्याकडे पेमेंटची कोणती सेवा आहे त्यावर ठरतं.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. भाव दिरहममध्ये दाखवणं वेगळं आणि पैसे दिरहममध्ये घेणं वेगळं. पानावर १५४ दिरहम दिसले आणि कार्डावरून रुपयांत पैसे कापले गेले, तर त्याची बँक आपल्या दराने हिशेब करणार आणि आकडा वेगळा येणार. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला फसवलं. भाव आधी ठरलेला आणि दोघांनाही माहीत असलेला हवा, ही व्यापाराची जुनी अट आहे, ती ऑनलाइन दुकानालाही लागू आहे. गेटवेला आधी विचारून घ्या. तो फक्त रुपयांतच पैसे घेत असेल तर पानावर स्पष्ट लिहा: "दिरहममधला आकडा अंदाजे आहे, पैसे रुपयांत घेतले जातील."

दिरहममध्ये पैसे घेतले तरी दुकान भारतातलं असल्यामुळे गिऱ्हाइकाची बँक कधी कधी परदेशी व्यवहाराचं शुल्क लावते. ते आपल्या हातात नाही, पण एक ओळ लिहून ठेवली तर पुढचा वाद टळतो.

घोळ कुठे होतो

दशांश: कुवेत, बहरीन आणि ओमानच्या चलनात दशांशानंतर तीन आकडे असतात. एका दिनारात १,००० फिल्स, एका ओमानी रियालात १,००० बैसा. सेटिंग दोन आकड्यांवरच राहिलं तर भाव चुकू शकतो. काही गेटवे तिसरा आकडा शून्यच मागतात, म्हणून १६.१०० किंवा १५.७५० असाच भाव ठेवा.

कूपन: ईदला '२०० ची सूट' असं कूपन काढलं आणि प्लगइनने ते बदललं नाही, तर दुबईच्या गिऱ्हाइकाला २०० दिरहमची सूट मिळेल. १५४ दिरहमची शाल फुकटच गेली. सूट टक्क्यांतच द्या.

डिलिव्हरीचा आकार: कूपनाचा घोळ इथेही होतो. '२,००० च्या वर डिलिव्हरी मोफत' ही मर्यादा प्रत्येक चलनात वेगळी लिहा.

साठवलेलं पान: साइट वेगाने उघडावी म्हणून पानं साठवून ठेवली जातात. मग रियाधच्या गिऱ्हाइकासाठी तयार झालेलं पान मुंबईच्या गिऱ्हाइकाला दिसू शकतं. वूकॉमर्समध्ये गिऱ्हाइकाचं ठिकाण ओळखण्याच्या पर्यायांत पान साठवण्याला जुळणारा पर्याय आहे, तो निवडा. शिवाय चलन हाताने बदलायचं बटण पानावर ठेवाच.

पैसे परत करणं: ज्या चलनात घेतले त्याच चलनात, तेवढेच परत करा. मधल्या काळात दर बदलला तर तो फरक दुकानदाराने सोसायचा.

तिकडचा कर: आखाती देशांत बहुतेक मालावर ५ टक्के सीमाशुल्क आहे. त्याशिवाय व्हॅट अमिराती आणि ओमानमध्ये ५ टक्के, बहरीनमध्ये १० टक्के आणि सौदीत १५ टक्के आहे. पार्सलवर कर लागला तर तो कोण भरणार, हे ऑर्डरच्या आधीच सांगा.

पैसे तिकडून, पार्सल इकडेच

आपल्याकडे असं खूप होतं. मुलगा दोह्यात, ऑर्डर तिथून करतो, पण शाल पोचवायची असते चिपळूणला अम्मीकडे. दुकान त्याचं ठिकाण ओळखून कतारी रियालात १५३ दाखवतं, म्हणजे परदेशी पाठवणावळ धरलेला भाव. त्याला तो महाग वाटतो आणि तो निघून जातो. म्हणून परदेशी पाठवणावळ वस्तूच्या भावात मिसळायची की वेगळी दाखवायची, ते आधी ठरवा. भारतात पोचवायच्या ऑर्डरी बऱ्याच येत असतील तर वेगळीच दाखवा आणि ती पत्त्यावरून ठरू द्या. मग चलन त्याच्या सोयीचं राहील आणि डिलिव्हरी चिपळूणच्या दराने लागेल.

जीएसटीच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे. माल देशाबाहेर गेला तरच ती निर्यात. पैसे दोह्याहून आले पण पार्सल चिपळूणला गेलं, तर ती देशातलीच विक्री.

पैसे सरळ रस्त्याने आणा

माल बाहेर पाठवून विकायचा तर आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड काढावा लागतो. तो डीजीएफटीच्या वेबसाइटवर ५०० रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून पक्की करावी लागते. जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीवर कर शून्य असतो. कर न भरता माल पाठवायचा तर दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरावं लागतं. छोट्या पार्सलांसाठी टपाल खात्याची डाक घर निर्यात केंद्रं आहेत, तिथे कस्टम्सची कागदपत्रं भरण्याचं काम होतं.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. "भाचा तिकडे दिरहम घेईल, इथे कुणीतरी रुपये आणून देईल," ही पद्धत काही ठिकाणी अजून चालते. घरचाच माणूस आहे, त्यात काय, असं वाटतं. पण हा हवाला आहे आणि ते फेमा कायद्याचं उल्लंघन ठरतं. विक्रीचे पैसे बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या पेमेंट कंपनीतूनच यायला हवेत. असे पैसे खात्यावर दिसले तरच उद्या कर्ज मागताना हा धंदा कागदावर दाखवता येईल.

सुरुवात एका चलनाने करा

मागच्या वर्षभराच्या ऑर्डरी काढा आणि कोणत्या देशातून जास्त आल्या ते बघा. त्या एकाच देशाचं चलन आधी सुरू करा. भाव वहीत काढा, दुकानात भरा आणि मग तिकडच्या एखाद्या नातेवाइकाला लहानशी खरी ऑर्डर करायला सांगा. वस्तूचं पान, पैसे भरायचं पान, आलेला ईमेल आणि बँकेचा मेसेज या चारही ठिकाणी एकच आकडा दिसला तर काम झालं. मग ती रक्कम परत करून बघा. हे सगळं रमजानच्या दोन महिने आधी उरकलं, तर ईदच्या गर्दीत फक्त पार्सलं बांधायची राहतील.