दंडावरचा वण

गेल्या मार्चमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि लेकीचा फोन आला. अशा अवेळी फोन वाजला की अजूनही छातीत धस्स होतं. पूर्वी असे फोन भारतातून यायचे आणि ते चांगली बातमी कधीच आणत नसत.

"आई, बाळाच्या दंडावर फोड आलाय. आत पू आहे. फोटो पाठवलाय, आत्ताच्या आत्ता बघ."

बघितला. डाव्या दंडावर वाटाण्याएवढा लालभडक फोड, टोकाला पिवळा.

"बीसीजी देऊन किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"काखेत गाठ लागते का हाताला? ताप आहे का? दूध पितोय ना?"

गाठ नव्हती, ताप नव्हता, दूध तर घटाघटा पीत होता. "मग दाबू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस, वर काही चोपडू नकोस. उद्या हेल्थ व्हिजिटरला दाखव आणि आता झोप."

"झोप काय आई! टोचलं तेव्हा तर काहीच झालं नव्हतं!"

तिचंही खरंच होतं. बीसीजी कातडीच्या अगदी वरच्या थरात टोचतात. तेव्हा उठलेली पांढरी गांध अर्ध्या तासात जिरून जाते आणि आईबापांना वाटतं, सुटलो. खरा प्रकार दोन ते सहा आठवड्यांनी सुरू होतो. आधी पुटकुळी, मग कधी पू, मग खपली, आणि हे सगळं काही महिनेसुद्धा चालतं. कारण या लशीतले जंतू जिवंत असतात. काल्मेट आणि गेराँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, तब्बल २३० वेळा वाढवून वाढवून ते जंतू नरम केले. बाळाचं शरीर त्यांच्याशी झुंजतं, ते रणांगण म्हणजे हा फोड.

शेजारच्या इंग्लिश मैत्रिणींना विचारावं, तर त्यांच्या बाळांना हे इंजेक्शनच नाही. इथल्या शाळांमधलं सरसकट बीसीजी २००५ साली बंद झालं. आता इंग्लंडमध्ये मुख्यत: ज्या बाळांचे आईबाप किंवा आजीआजोबा क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या (वर्षाला लाखात ४० किंवा अधिक) देशात जन्मले, त्यांना देतात. लेक जन्मली इथे, जावईही इथलाच. म्हणजे नातवाच्या दंडावरचा तो फोड माझ्या जन्मगावामुळे! हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही. १९८८ साली याच लेकीच्या दंडावर असाच फोड आला, तेव्हा मी काय दिवे लावले होते ते. घाबरून मी त्यावर हळद आणि खोबरेल तेल लावलं, वर पट्टी बांधली. नर्सबाईंनी पट्टी सोडून, पिवळा झालेला तो दंड पाहून माझ्याकडे जे बघितलं, ते आजही आठवतं. वाईला आईला निळ्या एरोग्रामवर सविस्तर लिहिलं. तिचं उत्तर येईस्तोवर खपलीसुद्धा पडून गेली होती. तिने लिहिलं होतं की तुमच्या वेळी देवी टोचल्यावर फोड उठला की आम्ही हुश्श म्हणायचो. ज्याच्या हातावर काहीच उठत नसे, त्याला पुन्हा टोचायचे.

त्या पत्रापासून मला देवीच्या लशीबद्दल वाचायचा नाद लागला.

एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीचा पहिला प्रयोग केला तो १७९६ साली, इथे इंग्लंडमध्येच. ती लस हिंदुस्थानात पोचायला सहा वर्षं लागली. दोऱ्याला माखून, काचेत बंद करून बोटीने पाठवली तर उन्हातान्हात निकामी व्हायची. शेवटी व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत ती मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला ती टोचली आणि लागली. आठवड्याभराने तिच्या हातावरच्या फोडातला द्रव काढून मुंबईतल्या आणखी पाच जणांना टोचला. तिथून ती पुण्याला गेली, सुरतेला गेली, मद्रासला, सिलोनला गेली. एका पोरीच्या हातावरचा फोड!

आपल्या भाषेत जखमेतून जो चिकट पाण्यासारखा द्रव येतो त्यालाही लसच म्हणतात. तेव्हा लस खरोखर ती लस होती, बाटलीतली नव्हे. एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात. आठव्या दिवशी फोड मोत्यासारखा टपोरा झाला, भोवती लाल वर्तुळ आलं, की तो उकलायचा. ॲना गुणी, शांत पोर होती, असं डॉक्टरांच्या लिखाणात आहे. तिच्या आईचं मात्र त्या आठवड्यात काय झालं असेल? मूल तापाने फणफणलंय, हात सुजलाय, आणि साहेब सुरी घेऊन आला की तोच फोड उघडणार.

आयांची भीती अगदीच खुळी नव्हती बरं का. इटलीत रिवाल्टा गावात १८६१ साली अशाच दंडातून दंडात टोचण्यामुळे चाळीसहून जास्त मुलांना उपदंश झाला. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने मुलांना देवी काढणं सक्तीचं झालं. इंग्लंडात ती सक्ती १८५३ पासूनच होती. मी राहते त्या लेस्टरमध्ये १८८५ च्या मार्चमध्ये या सक्तीविरुद्ध हजारो लोकांचा मोर्चा निघाला. दंड भरलेले, तुरुंगात जाऊन आलेले आईबाप इथे होते. आज त्याच रस्त्यांवरून आपण दिवाळीचे दिवे बघायला जातो! १८९८ च्या कायद्याने दंडातून दंडात टोचणं बंद झालं, वासराची लस आली, आणि मनापासून विरोध असणाऱ्यांना सूटही मिळाली. माझ्या मते हे सगळं पन्नास वर्षं आधी व्हायला हवं होतं. आयांना अडाणी ठरवणं सोपं होतं, म्हणून उशीर झाला.

आणि तरीही ती लस थोर, यात शंका नाही. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मधला. १९८० साली देवी जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माझ्या आईच्या पिढीने देवीचे तोंडभर वण असलेली, डोळे गेलेली माणसं घरात पाहिली होती. घरात देवी आल्या की फोडणी बंद, दारात कडुलिंबाचा डहाळा, मोठ्याने बोलायचं नाही. तिला टोचणीच्या एका फोडाचं कौतुक का वाटावं, ते मला फार उशिरा कळलं.

नातवाची खपली मे महिन्यात पडली. पुढच्या भेटीत लेकीने माझ्या ब्लाउजची बाही वर सरकवली. माझ्या दोन्ही दंडांवर देवीचे रुपयाएवढे वण आहेत. मग स्वत:चा बघितला, बारीक, पांढरट. बाळाचा अजून गुलाबी होता.

"हळदीचा डाग राहिला का गं माझ्यावर?" तिने विचारलं. नर्सबाईंची ती गोष्ट तिला तिच्या बाबांनी कधीच सांगून ठेवली होती.