जैसलमेर: नांदता किल्ला आणि पाण्याचा हिशेब

आज आपण थरच्या वाळवंटात, जैसलमेरला जायचं आहे. तुम्ही पुण्याहून निघा, इंदूरहून निघा की हैदराबादहून, तिथे जाण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी. आपण तिथे कुठे मुक्काम करतो, याचा त्या किल्ल्याच्या आयुष्याशी संबंध आहे.

भाटी राजपूत कुळातल्या रावळ जैसलने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. पिवळा वालुकाश्म, ९९ बुरूज. उन्हं कलली की सगळा किल्ला सोन्याचा दिसतो. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक गड आज ओस आहेत. हा मात्र नांदता आहे. राजवाडा आणि जैन मंदिरांच्या शेजारी आजही काही हजार माणसं पिढीजात घरांत राहतात.

जिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, तिथे एवढं वैभव आलं कुठून? तर वाटसरूंकडून. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. त्यांच्याकडून राज्याला जकात मिळे आणि सावकारांना व्यापार. १८०५च्या सुमारास सुरू झालेल्या पटवांच्या हवेल्या याच पैशातून उभ्या राहिल्या. पुढे मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रमार्गे आणि रेल्वेने जाऊ लागला, आणि तांडे आटले. १९४७च्या फाळणीने सिंधची वाटच बंद झाली. म्हणजे मुंबईची भरभराट आणि जैसलमेरची ओहोटी, दोन्ही एकाच बदलाच्या दोन बाजू.

मग नवे वाटसरू आले, पर्यटक. १९७४ साली सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ आला आणि बंगालमधून तर रीघच लागली. गावाला पुन्हा रोजगार मिळाला.

पण या रोजगारासोबत पाणीही आलं, आणि खरी अडचण तिथेच आहे. पूर्वी गावाची तहान गडीसर तलाव भागवायचा. खालून डोक्यावर हंडे आणायचे, म्हणजे पाणी मोजूनच वापरलं जाई. पावसाचं पाणी चटकन बाहेर जावं म्हणून दगडी नाल्याही होत्या. विसाव्या शतकात नळ आले. घरांच्या खोल्या झाल्या, खोल्यांना न्हाणीघरं जोडली गेली. टेकडीच्या पोटात मातीचे मऊ थर आहेत. सांडपाणी त्यांत मुरलं की ते फुगतात, सरकतात आणि वरच्या भिंती खचतात. १९९६ साली ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव घातलं. २०१३ साली तो जागतिक वारसा ठरला. पण मान मिळाला म्हणून पाणी मुरायचं थांबत नाही.

आता कुणी म्हणेल, मग किल्ल्यात राहूच नका. सांगणं सोपं आहे. पण ज्याच्या घरातल्या दोन खोल्यांवर संसार चालतो, त्याने काय करायचं? त्याचा वाडा, त्याचं देऊळ, सगळं तिथेच आहे. पाणी मुरण्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. सांडपाण्याची नीट सोय करणं हे शासनाचं काम आहे.

आपल्या हातात काय आहे? मुक्काम खालच्या गावात करा आणि दिवस वर घालवा. चहा, जेवण, खरेदी किल्ल्यातल्या माणसांकडे करा. वाटाड्या स्थानिक घ्या. म्हणजे पैसा वर पोहोचेल आणि आंघोळीचं पाणी खालीच राहील.

आणि मांगणियारांचं गाणं ऐका. हे मुस्लिम गायक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमानांच्या, त्यांत अनेक हिंदू घरं, जन्माला आणि लग्नाला गात आले. कमायचा आणि खडताल ही त्यांची वाद्यं. यजमान त्यांना धान्य देत, जनावरं देत. ती व्यवस्था आता विरत चालली आहे. कोमल कोठारींसारख्या अभ्यासकांनी त्यांना जगाच्या मंचावर नेलं, पण प्रत्येकाच्या वाट्याला तो मंच येत नाही. तेव्हा चौकात कुणी गात असेल तर नुसता मोबाईल पुढे धरू नका. बसा, ऐका आणि बिदागी त्याच्या हातात द्या.

साडेआठशेहून अधिक वर्षं हे गाव येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगलं आहे. तांड्यांनी जकात भरली. आपल्याला कुणी जकात मागत नाही, ती आपणहून द्यायची आहे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.