एका मायक्रॉनचे मोल

भोपाळकर मराठी कुटुंबांना पिपलानी, गोविंदपुरा ही नावे नवी नाहीत. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी येथील हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना राष्ट्रास अर्पण केला. १९७४ साली तो ‘भेल’मध्ये विलीन झाला. विमानाचे इंजिन येथे घडत नाही. तथापि त्या विद्येशी या कारखान्याचे जुने नाते आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कारखान्यास तांत्रिक साहाय्य देणाऱ्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश समूहात दोन मोठ्या कंपन्या होत्या. त्यांपैकी ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टनच्या रग्बी येथील कारखान्यात फ्रँक व्हिटल यांचे पहिले जेट इंजिन एप्रिल १९३७ मध्ये चालले. दुसरीच्या, म्हणजे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सच्या जेट इंजिनांवर १९४३ साली मीटिऑर विमान उडाले. दोन्ही कंपन्या मूळच्या वाफेची टर्बाइने करणाऱ्या. टर्बाइन असो वा जेट इंजिन, दोहोंचा प्राण एकच : काटेकोर मोजमाप.

हे मोजमाप म्हणजे केवळ पट्टी लावणे नव्हे. लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. एक मीटर लांबीचा पोलादी दंड एका अंशाने तापला की सुमारे ११ मायक्रॉनने वाढतो. भोपाळच्या वैशाखातील ४० अंशांत तो जवळजवळ पाव मिलिमीटर लांब भरेल. म्हणून मापनकक्ष थंड ठेवतात; भाग आणि मापक एकाच तापमानास येईपर्यंत थांबतात.

परंतु माप बरोबर आले, तरी धातूच्या पोटातील दोष उरतोच. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीकडील इंजिनातील टायटॅनियमची चकती आकाशातच फुटली. सू सिटी येथे उतरताना विमान कोसळून ११२ माणसे दगावली. धातू वितळवतानाच राहिलेल्या दोषातून तडा वाढत गेला होता आणि देखभालीच्या तपासणीत तो नजरेतून निसटला, असे चौकशीत निष्पन्न झाले.

खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा एक नसावा, हे शासकीय सेवेत आम्ही शिकलो. कारखान्यातही तोच न्याय. घडवणाऱ्यास घाई असते. तपासनिसास थांबण्याचा आणि भाग नाकारण्याचा अधिकार हवा. त्याचे कौतुक क्वचितच होते, कारण टळलेला अपघात कोणास दिसत नाही. डिसेंबर १९८४ ची ती रात्र सोसलेल्या या शहरास मात्र त्या अधिकाराचे मोल निराळे सांगावे लागू नये.